‘असं कुणी बोलतं व्हय?’ : न वाचणारी आजी आणि वाचायला लागलेला नातू

मुलगा आठ वर्षांचा. नाव तिसरीच्या पटावर. पुस्तक उघडून समोर ठेवलं की पान बघायचं सोडून समोरच्याचं तोंड बघायचा. एका नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत त्याच्या घरी जे घडलं ते मी वहीत टिपत गेले, त्यातलं हे लिहिते आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवलं, बहुतेक काळ पहिली-दुसरीला. तरीही या पाच-सहा महिन्यांत वाचन शिकवण्याबद्दल मला जे कळलं, ते कुठल्या प्रशिक्षणात ऐकल्याचं आठवत नाही. म्हणून ही धडपड.

आमचं गाव धारूर तालुक्यातलं, बालाघाटच्या डोंगरात. दिवाळी सरली की गल्लीतली घरं एकामागून एक कुलूपबंद होतात. मुकादमाचा ट्रॅक्टर येतो, त्यावर भांडी, पत्रे, शेळ्या, लेकरं चढतात आणि माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि त्या कोयत्यावर आधीच घेतलेली उचल. या मुलाचे आई-बाप त्यातलेच. पहिलीत तो त्यांच्यासोबत कर्नाटकात गेला, दुसरीत कोल्हापूरकडे. दोन्ही वर्षं शाळा जूनमध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबरात त्याच्यापुरती संपली. कोपीजवळ, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीजवळ, शाळा नव्हती, आणि होती त्या ठिकाणी पाट ओलांडून जावं लागे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मुलाला वयाप्रमाणे वर्ग मिळतो, तो मिळालाच पाहिजे. पण वर्ग मिळाला म्हणून मधली दोन वर्षं भरून निघत नाहीत. ती कुणीतरी भरून काढावी लागतात.

तिसऱ्या वर्षी आईनं ठरवलं, याला आजीपाशी ठेवायचं. आजी पासष्टीची, गुडघ्यानं जेरीस आलेली, आयुष्यात शाळेची पायरी चढलेली नाही. आमचं घर त्यांच्यापासून दोन घरं सोडून. निघायच्या आदल्या रात्री आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाई, तेवढं लेकराकडं बघा. मास्तर म्हणतेत ढ हाय.”

‘ढ’ हा शब्द मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला आणि कान बघितला. त्याच्या डाव्या कानातून पाणी यायचं. आजी त्यात कोमट तेल सोडायची, तिच्या परीनं मायेनंच. मी मागून हळू बोलले तर तो वळायचा नाही. आम्ही त्याला अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं. कान फुटलेला होता. थेंब दिले, कान कोरडा ठेवा आणि तेल अजिबात घालू नका असं बजावलं. महिनाभरात पाणी थांबलं. वाचनात मागे पडलेल्या लेकराचे डोळे आणि कान आधी तपासा, हे मी प्रत्येक आई-बापाला हात जोडून सांगते. ‘ब’ आणि ‘भ’ सारखेच ऐकू येत असतील, तर पाटीवर ते वेगळे का काढायचे हे लेकराला कळणार कसं?

मग त्याला कुठवर येतं ते पाहिलं. ‘असर’ म्हणजे मुलांना कितपत वाचता येतं हे घरोघरी जाऊन तपासणारी पाहणी, तिच्यात वापरतात तीच साधी पद्धत : अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. त्यानं ‘क कमळाचा, ख खटाऱ्याचा’ असं न अडखळता म्हणून दाखवलं. मी चित्रांवर तळहात ठेवला. अर्धा मिनिट गेला. तो माझ्या बोटांच्या फटीतून कमळ दिसतंय का ते बघत होता. चित्राशिवाय ओळखलेली अक्षरं नऊ. शब्द एकही नाही.

इथं माझी चूक सांगते, कारण ती घरोघरी होते. मी बाराखडी सुरू केली. क का कि की. रोज दोन ओळी पाठ, दोन ओळी लिहून. मुलाचं अक्षर इतकं सुरेख की वही पाहून कुणालाही वाटावं, हा वाचत असणार. तीन आठवड्यांनी ‘म’ची बाराखडी त्यानं झोपेतही म्हटली असती. त्यातला ‘मी’ उचलून वेगळ्या कागदावर लिहिला तर ओळखता येईना. पहिल्यापासून म्हणत चौथ्यापर्यंत आला, की मगच ‘मी’ सापडायचा. त्याला चाल पाठ होती. बाराखडी वाईट नाही, पण वाचता येऊ लागल्यावर ती सगळं एका जागी लावून देते. वाचनाची सुरुवात तिच्यापासून केली की ती नुसतं गाणं होते. आमच्या पहिलीच्या पाठ्यपुस्तकातही अक्षरं क-ख-ग या क्रमानं न येता गटागटानं येतात. हे मला माहीत होतं. तरी घरी बसल्यावर हात जुन्या वळणावर गेला.

वळण बदललं ते आजीमुळे, आणि तेही सहज. सीताफळांचे दिवस संपत आले होते. अंगणात काळ्या बियांचा ढीग पडलेला. मी मुलाला म्हटलं, शब्द हळू म्हण आणि प्रत्येक तुकड्याला एक बी ठेव. शेळी : शे, ळी. दोन बिया. पाला : दोन. बाभळी : तीन. आजी भाकरी थापता थापता ऐकत होती. मी तिलाही विचारलं, “मावशी, ‘कान’ला किती बिया?” ती म्हणाली, “एकच की.” नातू म्हणाला, “दोन! का आन् न.”

दोघंही बरोबर होते. मी तिथंच थबकले. आजीनं कानानं मोजलं. ‘कान’ आपण एका झटक्यात म्हणतो, शेवटचा ‘न’ अर्धाच राहतो. नातवानं डोळ्यानं मोजलं, कारण लिहिताना अक्षरं दोन. मराठी लिहिण्यातली ही गोम आपल्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की शिकवताना ती दिसत नाही. लेकरू ‘क’, ‘म’, ‘ळ’ तीनही अक्षरं पूर्ण ‘अ’ लावून म्हणतं आणि आपण म्हणतो, आता जोड. जोडलं तर ‘क-म-ळ-अ’ होतं, आणि असा शब्द त्यानं कधी ऐकलेला नसतो. अक्षरं येतात पण शब्द लागत नाही, त्याचं एक मोठं कारण हे. त्या दिवसापासून आम्ही नियम केला : शेवटचं अक्षर हलकं म्हणायचं, आणि म्हटल्यावर विचारायचं, असं काही असतंय का? घ-र… घर. असतंय.

बियांचा खेळ आजीनं उचलला तो माझ्याशिवाय चालू राहिला. तूर निवडताना, शेरडं बांधताना, अंधार पडल्यावर लाईट नसताना. ‘बाभळीतली बा काढली तर?’ ‘भळी.’ ‘बकरीतला ब काढला तर?’ ‘करी.’ याला ना पाटी लागते, ना आजीला अक्षर यावं लागतं. शब्दाचे तुकडे होतात, ते निघतात आणि पुन्हा बसतात, हे कानाला कळल्याशिवाय डोळ्याला अक्षर दाखवून उपयोग होत नाही. माझी अठ्ठावीस वर्षं बहुतेक डोळ्याकडूनच चालली होती.

मग त्याचंच बोलणं कागदावर घेतलं. विचारलं, आज काय केलंस? तो म्हणाला, “म्या शेळीला पाला टाकला.” मी मोठ्या अक्षरात लिहिलं : मी शेळीला पाला टाकला. त्याला बोट ठेवून वाच म्हटलं. पहिल्या शब्दावर बोट ठेवून तो म्हणाला, “म्या.” मी म्हटलं, ‘मी’. तो गोंधळला. त्यानं सांगितलेलं कागदावर नव्हतंच, मी ते बदललं होतं. ज्या क्षणी लेकराला ‘बोललेलं लिहिता येतं’ हे कळायला हवं, त्याच क्षणी मी त्याला त्याच्या उलट दाखवलं. मी ओळ खोडली आणि ‘म्या’ लिहिलं. जोडाक्षर असूनही ‘म्या’ त्यानं पहिल्या दिवशी ओळखलं आणि पुन्हा कधी विसरला नाही, कारण ते त्याचं होतं.

शिक्षक मंडळींना हे पटत नाही याची मला कल्पना आहे. घरची बोली लिहून दिली तर भाषा बिघडते, असं म्हणतात. मला तसं आढळलं नाही. चार आठवड्यांनी मी त्याला सांगितलं, पुस्तकात ‘म्या’ला ‘मी’ म्हणतात, ‘पानी’ला ‘पाणी’. त्यानं ते चुलत्याच्या गावाला भाकरीला वेगळं काहीतरी म्हणतात इतक्या सहजपणे घेतलं. आधी आपली बोली कागदावर बघितली, म्हणून पुस्तकाची बोली परकी वाटली नाही.

त्या एका ओळीतून अक्षरं मिळाली : श, ळ, ल, प, ट, क, आणि काना. त्यांत म, न, र घातले की किती शब्द होतात बघा : काका, मामा, कान, नाक, काम, माळ, पाट, काटा, टाका, लाल, पाल, कमळ, टमाटा. एवढ्यावर आम्ही पंधरा दिवस काढले. दिसायला सारखी असलेली अक्षरं, भ-म, घ-ध, एका आठवड्यात कधीच घेतली नाहीत. एक पक्कं झाल्यावरच दुसरं. ‘च’चं तेवढं सांगून टाकलं की ‘चार’मधला वेगळा आणि ‘चाक’मधला वेगळा, लिहायला एकच. त्यानं ते लगेच मान्य केलं. बोलणारं लेकरू उच्चार मनानंच बरोबर लावतं.

‘ल’नं मात्र घोळ घातला. बापाचा जुना मोबाईल घरी होता, त्यावरचा ‘ल’ वेगळ्या वळणाचा, हिंदीत असतो तसा. पुस्तकातला पाकळीचा. त्याला ती दोन अक्षरं वाटली. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हेच रूप ठरवून दिलं आहे, पण फोनच्या पडद्यावर ते पोचत नाही. दोन्ही रूपं शेजारी लिहून ‘हे एकाच माणसाचे दोन फोटो’ असं सांगितल्यावर प्रश्न सुटला. ज्या घरात लेकरू मोबाईलवर अक्षरं बघतं, तिथं हे एकदा तपासून घ्यावं.

वेलांटीला महिना लागला. आमच्या गावचा बाजार शनिवारी. मी पाटीवर ‘शनिवार’ लिहिलं, त्यानं वाचलं, “शीनवार.” पुन्हा ‘रविवार’ लिहिलं, “रीववार.” मी आधी समजले की ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ आहे. मग त्याच्या बोटाकडे नीट बघितलं. बोट डावीकडून उजवीकडे इमानेइतबारे चाललं होतं. ‘श’नंतर जी काडी आली ती त्यानं ‘श’ला लावली. वाचायची दिशा त्याची पक्की होती, अडचण आपल्या लिपीची होती : पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर. मी तीन-चार तऱ्हांनी समजावलं. बसेना. आजीनं विचारलं, काय अडलंय? मी सांगितलं. ती नातवाला म्हणाली, “अरे, बैल पुढं असतेत, वझं मागं गाडीत असतंय. बैलाला बघून वझं कुठं हाय म्हणतूस?” त्यानं पाटीवर काडीपासून ‘न’च्या डोक्यावर जाणारी कमान बोटानं गिरवली आणि म्हणाला, “हे जू.” त्यानंतरही चुका झाल्या. पण चुकला की स्वतःच ‘बैल, बैल’ म्हणत मागं यायचा.

आता मुख्य गोष्ट. डिसेंबरच्या शेवटी तो चार-पाच शब्दांची वाक्यं वाचू लागला होता. मी आठवड्यातून दोनदा संध्याकाळी जायचे, बाकीच्या दिवशी चुलीपाशी बसून आजीला वाचून दाखवायचं, वीस मिनिटं, भाकरी होईपर्यंत. मला वाटत होतं की खरं शिकणं माझ्या दोन दिवसांत होतंय आणि आजीचे दिवस म्हणजे नुसता सराव. एकदा मी दारातच थांबले आणि आत न जाता बघत राहिले. तो वाचत होता, “शेळी पाणी… पिती… पती…” आणि थांबला. आजीनं तव्यावरची भाकरी उलटली. काही बोलली नाही. तो पुन्हा वाक्याच्या सुरुवातीला गेला. “शेळी पाणी पळते.” आजी म्हणाली, “असं कुणी बोलतं व्हय? पाणी कसं पळते?” तो कागदावर वाकला. बोट शेवटच्या शब्दावर, ओठ हलतायत. बराच वेळ गेला. “पिते! शेळी पाणी पिते.” “मंग असं म्हण की,” आजी म्हणाली आणि भाकरी फुगली का बघायला वळली.

मी असते तर दुसऱ्या सेकंदाला ‘पिते’ सांगून मोकळी झाले असते. त्या रात्री वहीत दोन रकाने केले आणि पुढचे काही दिवस एकच गोष्ट टिपली : अडल्यावर तो कुठं बघतो. माझ्यापाशी बसला की जवळपास प्रत्येक वेळी अडल्यावर माझ्या तोंडाकडे बघायचा. आजीपाशी असला की कागदाकडे. साहजिक आहे. माझ्या तोंडावर उत्तर असायचं, आजीच्या तोंडावर नसायचं. तिला अक्षर येत नव्हतं म्हणून ती अक्षर सांगू शकत नव्हती. पण मराठी तिला माझ्याइतकीच, खरं तर माझ्याहून जास्त येत होती, म्हणून अर्थ बिघडला की तिला तत्काळ कळायचं. अक्षर लावायचं काम सगळं पोरावर, आणि ते नीट लागलं का हे ठरवायचं काम तिच्या कानावर. मीही मग अडल्यावर मनात दहापर्यंत मोजायला लागले आणि ‘चूक’ म्हणायचं सोडून ‘असं असतंय का?’ विचारायला शिकले.

यात एक खड्डाही आहे आणि आम्ही त्यात पडलो. जानेवारीत आजी खुश होऊन सांगू लागली की लेकरू आता धडाधडा वाचतंय. मी ऐकलं. गोष्ट सुरेख होती, पानावर मात्र ती नव्हती. तो चित्र बघून आणि मागच्या वेळी माझ्याकडून ऐकलेलं आठवून सांगत होता. अर्थ बिघडत नव्हता, मग आजीला संशय येणार कसा? तो फसवत होता असं मी म्हणणार नाही. आजीला आवडतंय म्हणून सांगत होता. आम्ही दोन बदल केले. चित्र पोत्याच्या तुकड्यानं झाकायचं. आणि प्रत्येक शब्दावर बोट टेकायचं, बोट उचललं तरच पुढचा शब्द म्हणायचा. दुसऱ्याच दिवशी आजीनं त्याला पकडलं. मला सांगितलं, “बाई, बोट जागचं हलेना आन् तोंड पुढं पळायलंय. मी म्हणले, बोटाला वाचू दे.” म्हणजे न वाचणारं माणूस हेही तपासू शकतं. पण आठवड्यातून एक-दोनदा अक्षर येणाऱ्या माणसानं शेजारी बसून ऐकलंच पाहिजे. शेजारची दहावीतली मुलगीही चालते.

वाचायला काय दिलं? घरात पुस्तकं नव्हती. त्याच्या तोंडची वाक्यं शिवलेली वही, शाळेचं पुस्तक, आणि गावात जे लिहिलेलं असतं ते. एसटीच्या पाट्या : परळी, केज, माजलगाव, लातूर. बियाण्याच्या पिशवीवरचं ‘सोयाबीन’. लग्नपत्रिकेतली नावं, कारण त्यातली निम्मी माणसं त्याच्या ओळखीची. माजलगाव त्यानं पहिल्यांदा सलग वाचलं तेव्हा बस निघून गेली होती आणि तो तसाच रस्त्यात उभा राहून म्हणत होता, मा-ज-ल-गाव.

फेब्रुवारीत त्याचे मामा आले. त्यांनी आल्याआल्या परीक्षा घेतली, दोन शब्द चुकले म्हणून कान पिरगाळला, तोही डावा. पुढचे चार दिवस त्यानं वही उघडली नाही. आजीनं मामाला काय सुनावलं ते इथं लिहीत नाही. पण पाहुण्यांपुढं लेकराला वाचायला लावू नका, एवढं मात्र मी कळकळीनं सांगते.

एप्रिलमध्ये मी तीच चार पातळ्यांची चाचणी पुन्हा घेतली. अक्षरं सगळी, ‘ष’ आणि ‘क्ष’ वगळता. शब्द वाचले. परिच्छेद वाचला, तीन ठिकाणी अडला, तीनही ठिकाणी आपणहून मागं येऊन दुरुस्त केलं. दुसरीची गोष्ट अर्धी झाल्यावर थकला. २०२१ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत या वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान साठ शब्द, समजून, असं लक्ष्य आहे. तो त्याच्या निम्म्यालाही पोचलेला नव्हता, आणि मी त्याच्यासमोर घड्याळ धरलं नाही. ‘समजून’ हा अर्धा भाग त्याच्याकडे आहे, वेग वाचून वाचून येईल.

आई-बाप पाडव्यानंतर परतले. आईनं वही उलटून पाहिली, तिला वाचता येत नाही, पण पानं मोजली. आजी अक्षर शिकली का, असं मला बरेच जण विचारतात. नाही शिकली. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “मला काय करायचंय आता? मला ऐकायला येतंय की.” मी पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या दिवाळीला पोरगं राहील की जाईल हे अजून ठरलेलं नाही. आजीचा गुडघा बघता आई कचरते. शाळेनं हंगामी वसतिगृहाची, म्हणजे आई-बाप ऊसतोडीला गेलेल्या मुलांना गावातच सांभाळायची, सोय केली तर जेवणाचा प्रश्न सुटेल, रात्री तो आजीपाशीच झोपेल. न्यायचंच झालं तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेऊन जा, तिथल्या शाळेत ते दाखवून बसवता येतं, असं मी बापाला दोनदा सांगून ठेवलं आहे. आणि वही सोबत द्या म्हटलं आहे. कोपीत संध्याकाळी भाकरी तिथंही होतातच आणि आईला ऐकायला येतं.

सध्या जोडाक्षरं चालू आहेत. ‘म्या’मुळे ‘त्या’, ‘ज्या’, ‘पुण्या’ पटकन आली. ‘ट्रॅक्टर’ तो आकारावरूनच ओळखतो, दर हंगामाला दारात उभा असतो तो. रफार मात्र बसत नाही. ‘सूर्य’ला ‘सूय’ म्हणतो, ‘कर्ज’ला ‘कज’, आणि आजी दर वेळी तेच विचारते. डोक्यावरचा तो ‘र’ आधी म्हणायचा, हे बैलगाडीवरून समजावून झालं, जमलं नाही. आषाढात पेरण्या उरकल्या की पुन्हा बसणार आहोत.